मुंबई कायदेमंडळांतील दोन भाषणें : कर्तृत्वनिर्णयाचा प्रश्न

पेशवे दप्तरांतील पत्र ज्याच्या नांवें निघालें त्याच्याच हातचें असतें असें नाहीं, ही गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मजकूर कारकुनानें सिद्ध करावा, मायना ठरीव असावा, आणि धन्यानें अखेरीस एखादी ओळ स्वदस्तुरची घालावी, हा प्रकार इतका नित्याचा आहे कीं, हस्ताक्षर पाहिल्यावांचून पत्राचें कर्तृत्व कोणी ठरवीत नाहीं. तथापि हेच अभ्यासक विसाव्या शतकांतील छापील कागदाकडे वळले म्हणजे ही सावधगिरी सोडून देतात. सरकारी छापखान्यांतून निघालेला कायदेमंडळाचा वृत्तांत अस्सलच असणार, ही समजूत त्याच्या मुळाशीं आहे. वृत्तांत अस्सल असतो हें खरें. पण त्यावरून पुढें जीं विधानें केलीं जातात तीं अस्सल असतातच असें नाहीं. मुंबईच्या कायदेमंडळांत स्त्रियांच्या आरोग्यासंबंधीं झालेल्या दोन वादांविषयीं अलीकडील लेखनांत जो घोटाळा झाला आहे, त्याची छाननी करणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

पहिला वाद १० नोव्हेंबर १९३८ चा. “डॉ. आंबेडकरांनीं या दिवशीं मुंबई विधानसभेंत संततिनियमनाचें विधेयक मांडून त्यावर भाषण केलें”, अशा आशयाचें विधान वारंवार आढळतें. या एका वाक्यांत तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि तिन्ही तपासून घ्याव्या लागतात. सभागृहापुढें आलें तें विधेयक नव्हे, बिनसरकारी ठराव होता. तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद श्री. पी. जे. रोहम यांनीं, आणि त्यावरील भाषणही डॉ. आंबेडकरांच्या अनुपस्थितींत रोहम यांनींच केलें. भाषणाचा मसुदा डॉ. आंबेडकरांचा, एवढेंच त्या विधानांतून शिल्लक उरतें. हें उरणें थोडें नव्हे. पण जें उरलें तें व जें सांगितलें जातें तें एक नव्हे.

विधेयक आणि ठराव यांतील भेद हा केवळ शब्दांचा कीस नाहीं. विधेयक मंजूर झालें तर कायदा होतो. ठराव मंजूर झाला तरी ती सरकारास केलेली शिफारस होय. लहान कुटुंबाची निकड ध्यानीं घेऊन सरकारनें जनतेंत संततिनियमनाचा जोराचा प्रचार करावा व त्यासाठीं पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्या, इतकीच शिफारस या ठरावांत होती. कोणावर सक्ति नव्हती, कोणास दंड नव्हता. मागणीही अपूर्व नव्हती. म्हैसूर संस्थानच्या सरकारनें १९३० सालींच अशीं केंद्रें उघडलीं होतीं, आणि मुंबईंत प्रा. र. धों. कर्वे यांचें खासगी केंद्र १९२१ पासून होतें. याच कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासंबंधीं १९३४ सालीं जो खटला झाला त्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तेव्हां मसुद्यांतील विचार एकाएकीं सुचलेले नव्हते हें उघड आहे.

भाषणाचा रोख दारिद्र्य व स्त्रियांचें आरोग्य यांवर आहे. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वांट्यास आल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यास त्यांच्यांतील कोणीही राजी झाला नसता, हा त्यांतील युक्तिवाद पुढें फार प्रसिद्ध झाला. आणि नेमका हाच भाग सर्वत्र “आंबेडकर सभागृहांत म्हणाले” अशा शब्दांनीं उद्धृत होतो. सभागृहांत तो उच्चारला रोहम यांनीं. एखाद्या अप्रिय ठरावाचा पुरस्कार करण्यास उभें राहणें, त्यावरील टीका समोरासमोर ऐकणें, हें सभासदाचें काम त्यांनीं केलें. आणि आज त्यांचें नांव पुष्कळ ठिकाणीं तळटीपेंतही राहिलेलें नाहीं. आम्हांस हा अन्याय वाटतो.

ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनीं फेटाळला गेला. या आंकड्यांचाही उपयोग जपून करावयास हवा. १९३५ च्या कायद्यान्वयें मुंबई विधानसभेचे सभासद १७५ होते. म्हणजे दोन्ही बाजूंस मिळून ६३ मतें पडलीं, व ११२ सभासदांचें मत कोणत्याच बाजूस नोंदलें गेलें नाहीं. “प्रांतानें संततिनियमन नाकारलें” असा निष्कर्ष एवढ्यावरून काढणें धाडसाचें आहे. या मतदानाच्या तीनच दिवस आधीं, ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांचा एक दिवसाचा संप झाला होता व त्यांत डॉ. आंबेडकर अग्रभागीं होते. सत्तारूढ काँग्रेस व स्वतंत्र मजूर पक्ष यांच्यामधील ताण त्या आठवड्यांत किती होता हें ध्यानीं घेतल्यावांचून त्या ५२ मतांचा अर्थ लावूं नये. महात्मा गांधींचें मत कृत्रिम उपायांच्या विरुद्ध व संयमाच्या बाजूस होतें, हें तर जगजाहीरच होतें.

दुसरा वाद दहा वर्षें आधींचा, आणि तेथें चूक नेमकी उलट बाजूनें झाली आहे. कारखान्यांतील स्त्रियांस प्रसूतिकालीं साहाय्य मिळावें यासाठींचें विधेयक मुंबई कौन्सिलांत आणलें रावसाहेब आर. एस. आसवले यांनीं. डॉ. आंबेडकर त्या वेळीं सरकारनियुक्त सभासद होते. २८ जुलै १९२८ रोजीं त्यांनीं विधेयकाच्या पाठिंब्यास भाषण केलें. प्रसूतीपूर्वीं मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, यास्तव खर्चाचा मोठा भार सरकारनें उचलावा हें योग्य. पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकास होतो, म्हणून त्याला सर्वस्वी मोकळें सोडतां येणार नाहीं, अशी त्यांची मांडणी होती. ती आमच्या मतें १९३८ च्या भाषणाहून अधिक रेखीव आहे. पुढें १९२९ सालीं कायदा झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिलाच. परंतु विधेयक आसवल्यांचें, भाषण आंबेडकरांचें, हा भेद पुसला जाऊन आतां विधेयकही आंबेडकरांच्याच नांवावर जमा होतें. एके ठिकाणीं वक्त्याचें नांव गळालें, दुसऱ्या ठिकाणीं प्रस्तावकाचें.

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानें कै. वसंत मून यांच्या संपादकत्वाखालीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडांत हीं दोन्ही भाषणें एकत्र आलीं. त्या खंडाचे उपकार मोठे आहेत. तो नसता तर हीं भाषणें जुन्या वृत्तांतांच्या गठ्ठ्यांतच पडून राहिलीं असतीं. १९३८ चें भाषण त्यांत घेणेंही आम्हांस रास्तच वाटतें, कारण मसुद्याचें कर्तृत्व हेंही कर्तृत्वच. परंतु एका पुरुषाच्या नांवें खंड बांधला गेला कीं वाचक आंतील प्रत्येक ओळ त्याच्याच तोंडची समजतो. शिवाय १९३५ च्या कायद्याप्रमाणें सभागृहाचें कामकाज इंग्रजींत चाले व इंग्रजी न जाणणाऱ्यांपुरती दुसऱ्या भाषेची मुभा असे. म्हणून आज मराठींत फिरणारीं त्या भाषणांतील वचनें हीं भाषांतरें आहेत. भाषांतरकाराचें नांव, साल व मूळ पृष्ठ यांवांचून तीं अवतरणचिन्हांत घालणें गैर होय.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, अशा भाषणाची नोंद करतांना मसुदा कोणाचा, ठराव वा विधेयक कोणाचें, सभागृहांत बोललें कोण, आणि हातीं असलेला पाठ वृत्तांताचा कीं भाषांतराचा, हीं चार घरें निरनिराळीं ठेवावींत. १९३८ च्या भाषणाचा हस्तलिखित किंवा टंकलिखित मसुदा कोणाच्या संग्रहीं असल्यास तो छापील वृत्तांताशीं ओळीगणिक ताडून पाहण्याजोगा आहे. बोलतांना रोहम यांनीं पदरचें कांहीं घातलें असेल, तर तें त्यांतून निघेल, व तेवढा भाग निःसंशय त्यांच्या नांवें लावतां येईल.