दूधनाथ तिवारीची जबानी : साधनाची चिकित्सा

एम. व्ही. पोर्टमन यांच्या अंदमानविषयक द्विखंडात्मक इंग्रजी ग्रंथांत (कलकत्ता, १८९९) जन्मठेपीचा बंदी क्रमांक २७६, दूधनाथ तिवारी, याची हकीकत आली आहे. अंदमानच्या बंदिवासाविषयीं लिहिणारे बहुतेक ग्रंथकार ती तेथून उचलतात, व उचलतांना आपापल्या मताप्रमाणें तिचा अर्थ लावतात. कोणी दूधनाथास आश्रयदात्यांचा घात करणारा ठरवितो, तर कोणी वसाहतीचे प्राण वाचविणारा. दोन्ही मतांस आधार एकाच कागदाचा. तो कागद कोणी, कोणापुढें, कोणत्या प्रसंगीं व काय मिळावें म्हणून केला, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनीं बाजूस ठेविला आहे. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. दूधनाथ हा बंगाल पायदळाच्या १४ व्या पलटणींतील शिपाई. ही पलटण ७ जुलै १८५७ रोजीं झेलम येथें हत्यारें काढून घेण्याच्या वेळीं उलटली व दिवसभर लढली. दूधनाथावर पलटण सोडून जाणें व बंड करणें असे दोन आरोप शाबीत धरून त्यास २७ सप्टेंबर १८५७ रोजीं जन्मठेप व बेडीसह सक्तमजुरीची शिक्षा झाली. कराचीहून 'रोमन एम्परर' या जहाजानें तो ६ एप्रिल १८५८ रोजीं पोर्ट ब्लेअर येथें पोंचला. २३ एप्रिल रोजीं, म्हणजे अवघ्या सतराव्या दिवशीं, सुमारें नव्वद जणांच्या टोळीबरोबर तो रॉस बेटावरून पळाला. १७ मे १८५९ रोजीं तो आपल्या पायांनीं ॲबरडीनच्या ठाण्यावर परत आला. मधला काळ एक वर्ष चोवीस दिवसांचा. ५ ऑक्टोबर १८६० रोजीं त्यास माफी मिळाली. आगगाडीच्या वेळापत्रकाप्रमाणें हा तपशील नेमका आहे. सरकारी दप्तरांतील बंद्याचें चरित्र असेंच असावयाचें : ज्या दिवशीं तो एका अधिकाऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हातांत जातो त्या दिवसाची तारीख मिळते, आणि मधले दिवस कोरे राहतात.

परंतु एका कागदाशेजारीं दुसरा ठेवला म्हणजे कोऱ्या जागाही बोलूं लागतात. वसाहतीचा पहिला सुपरिंटेंडेंट डॉ. जे. पी. वॉकर हा पूर्वीं आग्र्याच्या तुरुंगाचा प्रमुख होता. २०० बंद्यांस घेऊन तो १० मार्च १८५८ रोजीं बेटांवर उतरला. १६ जून १८५८ पर्यंतचा त्यानें सरकारास दिलेला हिशेब असा : एकंदर आलेले बंदी ७७३, इस्पितळांत मेलेले ६४, पळाले व सांपडले नाहींत, बहुधा उपासमारीनें किंवा रानटी लोकांच्या हातून मेले असावेत असे १४०, आत्महत्या १, फांशीं दिलेले ८७, शिल्लक ४८१. बेरीज-वजाबाकी करून पाहिली तर बिनचूक जुळते. आतां दूधनाथ २३ एप्रिलला पळालेला आणि १६ जूनला न सांपडलेला. तेव्हां तो या १४० च्या रकान्यांत असलाच पाहिजे. अर्थात् ज्या वेळीं वॉकर त्यास बहुधा मेलेल्यांत मोजीत होता त्या वेळीं तो दक्षिण अंदमानच्या रानांत जिवंत हिंडत होता. हिशेब जुळतो म्हणून तो खरा, असें धरून चालणाऱ्यांनीं हा रकाना लक्षांत ठेवावा. जुन्या जमाखर्चाच्या वह्या चाळणाऱ्यांस हें नवें नाहीं. बाकी जुळविण्यासाठीं कारकुनानें घातलेली रक्कम त्यांनीं अनेकदां पाहिली असेल.

याच तक्त्यांतील ८७ हा आंकडा जबानीच्या परीक्षेस अधिक महत्त्वाचा आहे. हे लोक फांशीं गेले ते खून-दरोड्यासाठीं नव्हेत; पळून जाण्याच्या अपराधासाठीं. त्यांतील बहुतेकांस एकाच दिवशीं लटकविलें. कलकत्त्याच्या सरकारासही ही कारवाई पसंत पडली नाहीं व तिला पुढें मनाई झाली. तथापि १८५९ च्या मे महिन्यांत सुपरिंटेंडेंट वॉकरच होता, आणि दूधनाथ परत येऊन उभा राहिला तो त्याच वॉकरपुढें, त्याच अपराधाचा धनी म्हणून. बरोबर पळालेल्यांपैकीं जे पकडले गेले त्यांची गत काय झाली, हें परत आल्यावर तरी त्यास कळल्यावांचून राहिलें नसेल. हा प्रसंग डोळ्यांपुढें ठेवल्यावांचून जबानीचें एक वाक्यही वाचूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील संग्राहकांस ही गोष्ट उदाहरणानें लवकर पटेल. इनाम कमिशनापुढें दिलेल्या कैफियती आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. कैफियत अस्सल असते, तिच्यावर तारीख असते, सही-शिक्का असतो. आणि तरीही तिच्यांतील मूळपुरुषाची हकीकत वतन राखण्यासाठीं रचलेली असते. म्हणून आपण ती टाकून देत नाहीं. तिच्यांतून वतनाचा दावा वजा करून उरलेला मजकूर घेतों. दूधनाथाची जबानी ही अशीच एक कैफियत आहे. तिच्यांत राखावयाचें वतन म्हणजे त्याची स्वतःची मान.

या दृष्टीनें वाचूं लागलें कीं हकीकतीची ठेवण उलगडते. पलायनाची मसलत आगा नांवाच्या दुसऱ्याच बंद्याची. त्यानें ब्रह्मदेशची वाट जवळच आहे असें सांगून सर्वांस नेलें. पुढें रानांत अन्नपाण्यावांचून हाल, अंदमानी लोकांचा हल्ला, सोबत्यांची कत्तल, स्वतःस बाणांच्या जखमा, आणि शेवटीं त्याच लोकांनीं जीवदान देऊन जवळ ठेवून घेणें. यांतील घटना खोट्या आहेत असें नव्हे. जखमा तर डॉक्टर असलेल्या वॉकरच्या डोळ्यांस दिसण्याजोग्या. पण मांडणी पाहावी : बेत दुसऱ्याचा, पुढील सर्व दैवानें घडविलेलें, आणि परत येणें तेवढें स्वतःचें. फांशीच्या छायेंत उभा असलेला शहाणा मनुष्य याहून वेगळें काय सांगणार ?

शिवाय ही जबानी त्याच्या शब्दांत आहे तरी कोठें ? ती तृतीय पुरुषीं आहे व इंग्रजींत आहे. हिंदुस्थानी बोलणाऱ्या शिपायाचें तोंडचें बोलणें दुसऱ्या भाषेंत उतरवून, गाळून, क्रम लावून ती सिद्ध झाली. अंदमानी लोकांची शरीरयष्टी, रंग, केस, अन्न, शस्त्रें, होड्या, विवाह, मृत्यु अशीं प्रकरणें एकामागून एक येतात. जिवावर बेतलेलें वर्ष आठवणारा मनुष्य या क्रमानें बोलत नाहीं. हा क्रम विचारणाराच्या यादीचा आहे. वॉकरला शेजारच्या शत्रूची माहिती हवी होती, आणि त्या क्षणीं ती देऊं शकणारा मनुष्य त्याच्या हातीं लागला होता. म्हणून १४० पैकीं या एकाचें वर्षभराचें आयुष्य कागदावर आलें. माहिती पुरवून झाल्यावर प्रश्न संपले, आणि प्रश्नांबरोबर कागदही.

पोर्टमन यांनीं या जबानीतील बऱ्याच मजकुरावर अविश्वास दाखविला आहे. त्यांचा अधिकार मोठा. १८७९ पासून त्यांचा अंदमानी लोकांशीं रोजचा संबंध होता व त्यांची भाषा त्यांस येत होती. लोकाचारांच्या वर्णनांत दूधनाथ चुकला असें ते म्हणतात तेथें त्यांचेंच ऐकलें पाहिजे. परंतु त्यांची कसोटी एकांगी आहे. जबानी अंदमानी लोकांविषयीं खरी कीं खोटी, एवढेंच ते पाहतात. ती बंद्याविषयीं काय सांगते याची त्यांस जिज्ञासा नाहीं. उलट आमच्या कामास त्याच्या चुकाही उपयोगी आहेत. वर्षभर सहवास करूनही एखादा आचार त्यास चुकीचा समजला असेल, तर तो कितपत त्यांच्यांत मिसळला होता याचें मोजमाप त्या चुकींतच मिळतें.

मिसळण्याचा एक पुरावा तर जबानींतच आहे. डोकें भादरून, अंगास माती फांसून, उघड्यानें तो त्यांच्याबरोबर हिंडत असे. आणि लीपा व जिगा या दोन स्त्रिया त्यास बायका म्हणून देण्यांत आल्या. तो निघून आला त्या वेळीं लीपा गरोदर होती. हीं नांवें रोमन लिपींत कानानें टिपलेलीं आहेत, तेव्हां त्यांचा उच्चार आपण येथें लिहितों तसाच असेल असें नाहीं. ही गर्भावस्थेची गोष्ट सांगून दूधनाथास कांहीं मिळावयाचें नव्हतें. उलट तिनें त्याच्या परत येण्याची शोभा कमीच होते. दाव्यास प्रतिकूल असलेला मजकूर अधिक विश्वसनीय, या आपल्या नेहमींच्या नियमानें सबंध जबानींतील हें वाक्य आम्हांस सर्वांत भरंवशाचें वाटतें. गंमत अशी कीं, घातकी म्हणणारे हेंच वाक्य पुढें करतात व वांचविणारा म्हणणारे हेंच गाळतात. तें कोणत्या प्रकारचें वाक्य आहे याचा विचार दोघेही करीत नाहींत.

आतां परतीचा दिवस. १८५९ च्या मे महिन्यांत अंदमानी लोक मोठ्या संख्येनें ॲबरडीनवर चालून आले. दूधनाथ व त्याच्याप्रमाणेंच पळालेला आणखी एक बंदी यांनीं आयत्या वेळीं येऊन इशारा दिला. ठाणें कांहीं वेळ हल्लेखोरांच्या हातीं गेलें व आरमारी शिपायांनीं तें परत घेतलें. पोर्ट ब्लेअर येथें या लढाईचें स्मारक आहे. वसाहतीचे प्राण वांचले असें जें म्हणतात तें यावरून. पण याच वर्षाच्या एप्रिलमधील हल्ल्यांचा वृत्तांत वॉकरनेंच दिला आहे, आणि त्यांत एक चमत्कारिक तपशील आहे : हल्लेखोरांनीं पायांत बेडी असलेल्या माणसांस, तीं उलटून आलीं नाहींत तर, इजा केली नाहीं, त्यांचा रोख बंद्यांवर देखरेख करणाऱ्यांकडे होता. म्हणजे रानांतल्या लोकांनीं वसाहतींतील धनी कोण व बांधलेले कोण हें ओळखलें होतें. असें असेल तर दूधनाथानें कोणाचे प्राण वांचविले, हा प्रश्न नव्यानें विचारावा लागतो. त्याच्या सोबतच्या बेडीवाल्यांचे, असें सहजासहजीं म्हणवत नाहीं. वॉकरचे व त्याच्या मुकादमांचे, असें म्हणतां येतें.

विश्वासघातकी हा शब्दही मग जपून वापरला पाहिजे. झेलमला ज्यांच्याविरुद्ध तो उलटला त्यांच्याकडेच तो परतला, हें खरें. पण मधल्या वर्षांत त्याच्यापुढें मार्ग दोनच होते व दोन्ही इतरांच्या मेहेरबानीचे. माफी मिळण्यासही परत आल्यापासून सुमारें सतरा महिने लागले. इतका काळ जो मनुष्य शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर घेऊन त्याच बेटांवर राहिला, त्यानें परत येतांना बक्षिसाचा सौदा पक्का केला होता असें धरण्यास आधार नाहीं.

अलीकडे क्लेअर अँडरसन यांच्या 'सबाल्टर्न लाइव्ह्ज' (केंब्रिज, २०१२) सारख्या ग्रंथांनीं हिंदी महासागरांतील हद्दपार माणसांचीं चरित्रें ठिकठिकाणच्या दप्तरांतले तुकडे जोडून लिहिण्याची रीत दाखविली आहे. मराठी वाचकास बंद्याच्या गळ्यांतील बिल्ला 'माझी जन्मठेप' मुळें ठाऊक आहे. त्या बिल्ल्यावर जेवढें मावतें तेवढेंच सरकारी कागदांतही बहुधा मावतें, आणि म्हणून तुकडे जोडण्यावांचून गत्यंतर नाहीं. मात्र जोडतांना सांधा दिसूं द्यावा. दूधनाथाची जबानी पुनः कोणी छापील तर ती एकटी छापूं नये. समोरच्या पानावर १६ जून १८५८ चा वॉकरचा तक्ता द्यावा, खालीं १८५९ च्या एप्रिलमधील हल्ल्यांचा वृत्तांत द्यावा, पोर्टमन यांचे आक्षेप ज्या त्या वाक्यास लावावे, आणि १४० या आंकड्यापुढें २७६ हा क्रमांक लिहावा.