परोपकाराचा उंबरठा आणि ‘मानुषता’

शरच्चंद्र मुक्तिबोध यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या नगरीच्या नदीचे नाव ज्यांनी आपल्या कादंबरीला दिले (‘क्षिप्रा’, १९५४), त्यांचा हा समीक्षाग्रंथ माळव्यातील मराठी घरांत व्हावा तितका वाचला गेला नाही, असे आम्हांस वाटते. साहित्याचे मूल्य केवळ सौंदर्याने मोजता येत नाही, त्याचा खरा निकष ‘मानुषता’ होय, ही या ग्रंथातील मध्यवर्ती भूमिका. दुसऱ्याच्या सुखदुःखाने हलणे आणि त्या हलण्यातून आपण स्वतः अधिक माणूस होणे, असा या शब्दाचा अर्थ आम्ही घेतो. प्रश्न एवढाच की ही मानुषता माणसात येते कोठून?

मुक्तिबोध ज्या काळात हा विचार करीत होते, त्याच काळात जीवशास्त्रज्ञ याच प्रश्नाकडे निराळ्या वाटेने आले होते. निसर्गनिवडीच्या झगड्यात जो दुसऱ्यासाठी झिजतो तो मागे पडावयास हवा. मग परोपकार टिकला कसा? १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांनी उत्तर दिले की आप्तांत आपलीच जनुके असतात; भावंडात निम्मी, चुलत भावंडात एक अष्टमांश. त्या प्रमाणात आप्ताचा लाभ आपल्या हानीपेक्षा मोठा असेल, तर त्यागाची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी आपण प्राण देऊ, हे विनोदी विधान जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावावर सांगितले जाते. हे हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

परंतु माणूस परक्यालाही मदत करतो. त्याचे स्पष्टीकरण १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी परस्परोपकाराच्या तत्त्वाने केले. आज मी, उद्या तू. आणि हा हिशेब आपण वहीत नव्हे, भावनांत ठेवतो. कृतज्ञता परतफेडीची आठवण देते, अपराधभाव फसवणुकीपासून रोखतो, तर कृतघ्न माणसाविषयी येणारा संताप त्याला वठणीवर आणतो. पुढे संशोधकांनी यात लौकिकाची भर घातली. मी तुला दिलेले तू परत करणार नाहीस, पण पाहणारे मला भला म्हणतील आणि माझ्या अडचणीला धावून येतील.

हा सिद्धान्त दूरचा वाटत असेल, तर आपल्याच परंपरेतील एक चाल त्याच्या कसोटीस लावून पाहू. गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात ‘वार’ लावून जेवावयाचे आणि विद्या करावयाची, ही रीत जुन्या वाचकांस सांगावयास नको. यजमानीणबाईंना त्या मुलाकडून काय मिळणार होते? तो नात्यातला नव्हता, फेड करील याची शाश्वती नव्हती. पण एका घरावर पडणारा भार आठवड्यातील एका दिवसाचा, आणि मुलाच्या पदरी पडणारे दान मात्र आयुष्यभराचे. शिवाय दारी वार असणे हे घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते. अल्प हानी, मोठा लाभ आणि लौकिकाची परतफेड, अशी सिद्धान्ताची तिन्ही कलमे येथे जुळतात. चौथे कलमही जुळते, आणि तेच बोचणारे आहे. वार लावणारा मुलगा बहुधा स्वजातीचा असावा लागे. पंगतीची कड जेथे संपे, तेथे दयाही संपे.

शिंद्यांच्या राज्यकारभाराबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांचे एकमेकांस धरून राहणे याच जातीचे होते. परमुलखात आप्तांची जागा स्वभाषिकांनी घेतली. नव्या बिऱ्हाडाला जागा पाहून देणे, बाळंतपणाला धावून जाणे, अंत्ययात्रेला खांदा देणे, हे सारे झाले. त्याचा अभिमान योग्यच आहे. पण त्या जिव्हाळ्याला मानुषता म्हणावे काय? आमच्या मते ती मानुषतेची सुरुवात होय. तिची सिद्धी नव्हे.

कारण याच मराठी समाजात दुसरीही उदाहरणे घडली आहेत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका रोगग्रस्त मुलाला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले; त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. येथे ना रक्ताचे नाते, ना परतफेडीची आशा; आणि लौकिक म्हणावा, तर जन्मभर वाट्याला आली ती बहुतांशी निंदा.

यावर अनेक उत्क्रांतिवाद्यांचे ठरलेले उत्तर असे की लहान टोळीत घडलेली प्रवृत्ती विस्तीर्ण समाजात लक्ष्य चुकून परक्यावर जाऊन पडते. येथे आमचा मतभेद आहे. प्रवृत्ती कोठून आली हे सांगणे वेगळे आणि तिचे मोल ठरविणे वेगळे. कमळाचे मूळ चिखलात आहे, हे विधान खरेच. पण तेवढ्याने कमळाचे वर्णन होत नाही. शिवाय सावित्रीबाईंची करुणा चुकून वाट सोडून गेलेली नव्हती. तिच्यामागे अर्धशतकाचा विचार, शाळा, सत्यशोधक समाज आणि दुष्काळातील अन्नछत्रे होती. डार्विनने स्वतः १८७१ साली हे ओळखले होते. संस्कृती वाढेल तशी माणसाची सहानुभूती टोळीपासून राष्ट्रापर्यंत आणि तेथून सर्व मानवजातीपर्यंत पोहोचावी, हे विवेकाचे काम आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. डार्विनचे अनुयायी पुष्कळदा त्याचे अर्धेच वाचतात.

तथापि मुक्तिबोधांच्या पक्षासही विज्ञान काही शिकविते. मानुषता हा शब्द उच्चारला की ती सर्वांच्या अंतःकरणात आयती असल्यासारखे आपण वागतो. तशी ती नाही. आयती असते ती आपपर पाहणारी, आपल्या मुलाच्या तापाने रात्रभर जागणारी आणि शेजारच्या वस्तीतील मृत्यूची बातमी वाचून पान उलटणारी सहानुभूती. ती उंबऱ्याबाहेर न्यावयाची तर शाळा लागते, कायदा लागतो, आणि साहित्य तर लागतेच. परक्या माणसाच्या घरात शिरून त्याचे दुःख आतून पाहण्याची सोय वाङ्मयाइतकी कोणीच करीत नाही. मानुषता हा साहित्याचा निकष का, याचे आमच्या दृष्टीने हे सर्वांत सबळ कारण आहे, आणि ते पुरविते विज्ञानच.

तेव्हा या दोन विचारांत वैर मानण्याचे कारण नाही. एकाने उंबरठा दाखविला, दुसऱ्याने तो ओलांडण्याचे मोल सांगितले. माधव नगरातील आपली मुले आज पुण्याला, बंगळूरला, परदेशी आहेत. दुखण्याखुपण्याला प्रथम धावून येतो तो माळवी बोलणारा शेजारी. त्याने आपली जातही विचारली नाही, भाषाही नाही. आपल्या मंडळांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज मात्र अजून बहुधा आडनावे पाहून वाटले जातात. मुक्तिबोधांचा ग्रंथ आपण वाचला की नाही, याची परीक्षा आमच्या मते त्या अर्जांपाशी होईल.