‘लाथ मारली’ की ‘राजीनामा दिला’?
सुभाषचंद्र बोस यांच्या पत्रांतील एका निर्णयाचे वाचन

सुभाषचंद्र बोस यांनी ‘आय.सी.एस.ला लाथ मारली’ हे वाक्य मराठीत चरित्रपर लेखांतून, शालेय निबंधांतून आणि जयंतीच्या भाषणांतून इतके रूढ झाले आहे की, ते कोणा लेखकाचे विधान नसून घडलेली गोष्टच आहे, असे वाटू लागते. प्रस्तुत टिपणात या वाक्याची परीक्षा करावयाची आहे. सुभाषचंद्रांच्या त्यागाविषयी येथे वाद नाही. तो त्याग कोणत्या जातीची क्रिया होती, एवढाच प्रश्न आहे. परंतु तो निव्वळ शब्दांचा प्रश्न नव्हे. पत्करलेले पद पत्करताक्षणीच नकोसे वाटणे, हा अनुभव थोर पुरुषांपुरता मर्यादित नाही. अशा वेळी माणसाने काय करावे याचा आदर्श तरुण वाचक पुष्कळदा चरित्रांतून घेतो, आणि आमचे चरित्रलेखन त्याच्या हाती एक क्रियापद ठेवते.

त्या क्रियापदाचा स्वभाव पाहावा. ‘लाथ मारणे’ ही क्षणिक क्रिया आहे. ‘तो सात महिने नोकरीला लाथ मारीत होता’ असे वाक्य रचून पाहिल्यास मराठी कानाला ते तत्काळ हास्यास्पद वाटते. या क्रियेला कालावधी नाही, पूर्वविचार नाही आणि जिला लाथ मारली त्या वस्तूविषयी काही देणेही उरत नाही. उपलब्ध पत्रव्यवहार मात्र या तिन्ही बाबतींत नेमके उलट सांगतो.

सुभाषचंद्र 1919 च्या सप्टेंबरात विलायतेस निघाले. जेमतेम आठ महिन्यांच्या अभ्यासावर 1920 च्या उन्हाळ्यात ते परीक्षेस बसले आणि चौथे आले. निकालानंतर, 22 सप्टेंबर 1920 रोजी, त्यांनी वडीलबंधू शरच्चंद्र यांना पत्र लिहिले. त्यांचे त्यागपत्र 22 एप्रिल 1921 चे आहे. दोन्ही तारखांमध्ये बरोबर सात महिने आहेत. खेद पहिल्याच पत्रात आहे. निर्णय मात्र शेवटी आहे. आमच्या वाक्प्रचाराने गिळून टाकले ते हे मधले सात महिने.

पहिल्या पत्राची रचना अभ्यसनीय आहे. पत्रे इंग्रजीत आहेत. तथापि वाक्यरचनेचे स्वरूप मराठी व्याकरणाच्या परिभाषेतही सांगता येते. नोकरीत शिरण्याचा उल्लेख तेथे संकेतार्थी येतो: शिरावे लागलेच, तर ज्या अनिच्छेने अभ्यासास लागलो त्याच अनिच्छेने शिरेन, असा त्याचा आशय. तरीही लेखक नोकरीचे गुण लपवीत नाही. उपजीविकेचा प्रश्न कायमचा सुटतो, यशापयशाची धाकधूक राहत नाही, हे तो मान्य करतो आणि मगच आपल्या प्रकृतीच्या माणसास सुखाचा मार्ग मानवणारा नाही, असे म्हणतो. याच पत्रात एक उणीवही आहे. सनदी नोकरीत वर चढणाऱ्याविषयीची त्याची भाषा उपहासाची आहे, आणि त्या उपहासात सरसकटपणा आहे. खेद ताजा असला की माणूस स्वतःच्या पेचाचे रूपांतर इतरांच्या निंदेत करतो, याचे हे उदाहरण होय.

उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग सुभाषचंद्रांनी 1937 च्या डिसेंबरात ऑस्ट्रियातील बाडगास्टाइन येथे लिहिलेल्या अपूर्ण आत्मचरित्रात सांगितला आहे. उमेदवारांना दिलेल्या छापील सूचनांत हिंदुस्थानातील घोड्यांच्या निगेविषयी एक प्रकरण होते, आणि मोतद्दार घोड्याचेच अन्न खातो अशा अर्थाचे विधान त्यात होते. सुभाषचंद्रांनी हरकत घेतली. प्रथम त्यांना दटावण्यात आले. पण पुढे इंडिया ऑफिसकडून, पुनर्मुद्रणाच्या वेळी दुरुस्ती करू, असे उत्तर आले. हा प्रसंग सहसा बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. आमच्या मते त्याचे महत्त्व निराळे आहे. येथे तक्रार केली गेली, ती ऐकली गेली, आणि तरीही नोकरी सोडली गेली. जी खंत तक्रार दूर होताच दूर होते ती परिस्थितीविषयीची खंत. तक्रार दूर होऊनही जी उरते ती पदाविषयीची. या दोहोंतील भेद केल्यावाचून कोणी नोकरी सोडू नये किंवा धरूनही ठेवू नये, इतका तो मूलभूत आहे.

वडील जानकीनाथ यांचा युक्तिवादही पत्रांतून कळतो. दहा वर्षांत स्वराज्य येईल, नव्या व्यवस्थेत स्वाभिमानी माणसालाही नोकरी असह्य होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सुभाषचंद्र या भविष्याशी भांडत नाहीत. नोकरीत राहूनही थोडेफार काम होईल, हेही ते मान्य करतात. ते प्रश्नच बदलतात: आपले जीवन सुसह्य होईल की नाही हा मुद्दा नसून, परक्या नोकरशाहीशी निष्ठेच्या करारावर आज सही करावी की नाही, हा आहे. कठोर टीकाकार म्हणेल की, ही बगल आहे. वडिलांना त्यांच्या भूमीवर उत्तर मिळालेच नाही. हा आक्षेप अंशतः खरा आहे. तथापि या स्थलांतरामुळेच निर्णय शक्य झाला, हे विसरता येत नाही. ‘पुढे बरे वाटेल का?’ या प्रश्नास उत्तर नसते; ‘सही करू का?’ यास असते. सही ही अशी क्रिया आहे की, जिच्यापूर्वीचा आणि जिच्यानंतरचा माणूस एक राहत नाही. म्हणून ‘आधी रुजू होऊ, मग पाहू’ हा तटस्थ पर्याय वाटला तरी तसा नसतो. तोही एक निर्णयच असतो.

याच उत्तरकालीन पत्रांत पहिल्या पत्रातील उपहास निवळलेला दिसतो. जे आधीच नोकरीत आहेत किंवा ज्यांना ती केल्यावाचून गत्यंतर नाही त्यांना लेखक दोष देत नाही. आपण मात्र अनुकूल स्थितीत आहोत, आपणांस संसाराची विवंचना नाही, असे तो स्वतःच नमूद करतो. वडील कटकचे नामांकित वकील, बंधू कलकत्त्यास बॅरिस्टर, ही ती अनुकूलता. आदर्श म्हणून हे उदाहरण पुढे ठेवताना हे कलम गाळणे म्हणजे ज्याच्या पगारावर घर चालते अशा तरुणावर अन्याय करणे होय. त्याच्या विलंबाला भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार या पत्रांतून तरी कोणास मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. सोडण्यापूर्वीच, 16 फेब्रुवारी 1921 रोजी, सुभाषचंद्रांनी चित्तरंजन दास यांना पत्र लिहून आपणांस कोणते काम देता येईल, अशी विचारणा केली. अध्यापन आणि वृत्तपत्रलेखन आपण करू शकू, असे सुचविले. लाथ मारणारा माणूस मागचे पाहत नाही आणि पुढचेही पाहत नाही. येथे दोन्ही पाहिलेले आहे. भारतमंत्री माँटेग्यू यांना लिहिलेले त्यागपत्रही अगदी त्रोटक आहे: उमेदवारांच्या यादीतून नाव कमी करावे, आणि आजवर मिळालेला 100 पौंडांचा भत्ता त्यागपत्र स्वीकृत होताच परत करू. घोषणा नाही, आरोप नाही. हिशेब मात्र आहे. 16 जुलै 1921 रोजी ते मुंबईस उतरले आणि त्याच दिवशी मणिभवनात गांधीजींना भेटून त्यांच्या कार्यक्रमाविषयी प्रश्न विचारू लागले. सारी उत्तरे त्यांना पटली नाहीत. एक पद सोडल्यामुळे दुसरी निष्ठा न तपासता पत्करावी, असे त्यांना वाटले नाही.

आता मराठीतील दुसऱ्या शब्दाकडे वळू. ‘राजीनामा’ हा शब्द फारसीतून आलेला; ‘राजी’ म्हणजे संतुष्ट, संमत, आणि ‘नामा’ म्हणजे लेख. उर्दूत तो आजही तडजोडीच्या संमतिलेखास लावतात. पद सोडण्यास तेथे ‘इस्तीफा’ म्हणतात. मराठीने मात्र संमतीचा हा शब्द सोडण्याच्या कामी लावला. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू नये, हे आमच्या शास्त्राचे पहिले पथ्य आहे, आणि ते येथेही पाळावयाचे आहे. तरीपण दोन रूढ प्रयोगांतून एक निवडावयाचा झाल्यास, या पत्रांतील घटनेस कोणता अधिक शोभतो, हे सांगणे कठीण नाही. सात महिने स्वतःशी, वडिलांशी आणि भावाशी वाद करून, पुढील कामाची चौकशी करून, घेतलेले पैसे परत करण्याची हमी देऊन जो कागद लिहिला गेला, तो राजीनामाच होता. चरित्रलेखकांनी यापुढे तसे लिहावे. त्यामुळे त्यागाची उंची कमी होणार नाही; तो कसा घडला, एवढे मात्र वाचकाला कळेल.