खेळण्यांतील प्राणी आणि भूतदयेचे शिक्षण

बालकाच्या हाती लाकडाचा घोडा, कापडाचा ससा किंवा मातीचा बैल दिला म्हणजे त्याच्या मनात प्राणिमात्रांविषयी ममता आपोआप रुजते, असा एक समज बालशिक्षणाच्या विचारात दीर्घकाळ वावरत आला आहे. खेळणी तयार करणारे तो जाहिरातीत वापरतात; शिक्षक व पालक तो तपासून न पाहता स्वीकारतात. वस्तुतः खेळण्याचा आकार प्राण्याचा आहे एवढ्यावरून त्याने दिलेले शिक्षणही प्राण्याविषयीचेच असेल, हे अनुमान लंगडे आहे.

कापडी प्राण्यांचा इतिहासच ह्या अनुमानाला फारसा अनुकूल नाही. जर्मनीतील मार्गारेटे श्टाइफ ह्यांनी १८८० मध्ये दाबलेल्या लोकरीचा जो लहान हत्ती विक्रीस आणला, तो टाचण्या टोचून ठेवण्यासाठी होता. मुलांनी तो खेळावयास घेतला आणि त्यातून पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. ‘टेडी’ अस्वलाची कथा अधिक बोलकी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपी राज्यातील एका शिकारीत झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन ह्यांनी त्या प्रसंगावर व्यंगचित्र काढले, आणि त्या चित्राच्या लोकप्रियतेतून खेळण्यातील अस्वलाला त्याचे नाव मिळाले. दयेचे प्रतीक म्हणून ते जगभर गेले. परंतु त्या जखमी जनावराला यातनांतून सोडविण्यासाठी म्हणून अखेर सुरीने मारण्यात आले, हा कथेचा उत्तरार्ध मात्र खेळण्याबरोबर गेला नाही.

मऊ खेळण्याचे बालकाच्या जीवनातील खरे कार्य काय, ह्याचा उलगडा डी. डब्ल्यू. विनिकॉट ह्यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तम प्रकारे झालेला आहे. बालक आपल्या ह्या पहिल्या मालकीच्या वस्तूला कवटाळते, तसेच तिची ओढाताण करून तिला विद्रूपही करते. आणि प्रेम व राग हे दोन्ही सोसून ती वस्तू टिकली पाहिजे, ही तिच्याकडून अपेक्षा असते. ती धुतलेलीही बालकाला खपत नाही, कारण तिचा वास हाच तिच्या सातत्याचा पुरावा असतो. हे कार्य मोलाचे आहे ह्यात शंका नाही. तथापि ते बालकाच्या स्वतःच्या मनाविषयीचे आहे, सशाविषयीचे नव्हे. जे सर्व काही सोसते आणि ज्याला स्वतःचे काहीच नको असते, अशा सोबत्याशी वागण्याची सवय जिवंत प्राण्याच्या बाबतीत उपयोगी पडत नाही. किंबहुना ती घातक ठरण्याचाच संभव अधिक. पीटर कान, बाट्या फ्रीडमन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८० शाळापूर्व बालकांच्या अभ्यासात हाच भेद दिसतो. ‘आयबो’ ह्या यांत्रिक कुत्र्यापुढे मुले बिचकत आणि त्याच्याकडून प्रतिसादाची अपेक्षा ठेवीत. कापडी कुत्र्याला ती अधिक वेळा आपटीत, पण त्याच्यात जीव ओतण्याचा खेळही त्याच्याशीच अधिक वेळा खेळत. प्रतिसाद देणारे यंत्र बालकाच्या कल्पनेचे काम स्वतःकडे घेते, असा ह्याचा अर्थ लावता येईल.

मग मागणी करणारे खेळणे बनविले तर? हा प्रयोग जपानमध्ये झाला. बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये बाजारात आणलेले ‘तामागोची’ भुकेले होई, घाण करी, आजारी पडे आणि दुर्लक्ष झाल्यास मरे. त्याची थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. बालकाच्या वेळेवर ज्याचा हक्क चालतो, ज्याची भूक बालकाच्या सोयीची वाट पाहत नाही, असे खेळणे तोवर घरोघर गेलेले नव्हते. इतकेच नव्हे, तर हा जीव कधी कधी विनाकारणही हाक मारी, आणि तेव्हा त्याला रागे भरावे लागे. म्हणजे खरी गरज आणि नुसता हट्ट ह्यांतील भेद ओळखण्याचेही काम बालकाकडे होते. रचनेच्या दृष्टीने ही सूक्ष्मता प्रशंसनीय आहे. तिच्यावर पाणी पडते ते मृत्यूच्या क्षणी. जपानी आवृत्तीत थडगे व भूत दिसे, अमेरिकन आवृत्तीत त्यांच्या जागी देवदूत आला. परंतु दोन्हीकडे ठराविक कळा दाबल्या की नवे अंडे पडद्यावर हजर होई. ज्याची हानी भरून येते त्याची काळजी ही काळजी नसून एक प्रकारचा हिशेब होय.

१९९८ मधील ‘फर्बी’ एक पाऊल पुढे गेली. तिला उलटे धरले की ती भीतीचे उद्गार काढी. बार्बी बाहुली, फर्बी आणि जिवंत जर्बिल उंदीर ह्यांना प्रत्येकी किती वेळ उलटे धरवेल, अशी कसोटी फ्रीडम बेअर्ड ह्यांनी योजिली होती, आणि शेरी टर्कल ह्यांच्या २०११ च्या ग्रंथात तिची चर्चा आहे. यंत्र आहे हे माहीत असूनही फर्बीला फार वेळ उलटे धरवत नाही, हे निरीक्षण लक्षणीय खरे. तथापि शिक्षणाच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: ही दया कशाने जागी झाली? आवाजाने. माणसाच्या भाषेतील, माणसाने योजलेल्या आवाजाने. जिवंत प्राण्यांपैकी कितीएक असे बोलत नाहीत. भ्यालेला ससा हातात निश्चल होतो आणि बालक त्याला समाधान समजते. मासा तर ओरडतच नाही. आक्रोश ऐकून थांबावयास शिकलेले मूल मुक्याच्या बाबतीत काय करील, ह्याचे उत्तर ह्या खेळण्यात नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नव्हे. कर्स्टिन माइन्ट्स व त्यांचे सहकारी ह्यांच्या अभ्यासांत दात विचकणारा कुत्रा हसतो आहे असे लहान मुलांना वाटल्याचे वारंवार आढळले. चेहरा वाचण्याची जी रीत मूल माणसांकडून आणि हसऱ्या खेळण्यांकडून शिकते, तीच ते कुत्र्याला लावते. पिसाळलेल्या असाव्यात अशा प्राण्यांनी चावलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अलर्काने माणसे मरतात त्या देशात तरी खेळण्यातील कुत्र्याने सदैव हसत राहावे काय, ह्याचा विचार आखणी करणाऱ्याने करावयास हवा.

ह्या पार्श्वभूमीवर विदर्भातील तान्ह्या पोळ्याकडे पाहिले असता एक निराळीच रचना आढळते. पिठोरी अमावास्येला बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढीत घरोघर जातात व बोजारा मिळवितात. परंपरा ह्या उत्सवाचा आरंभ नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी जोडते. येथे खेळण्याच्या कारागिरीपेक्षा त्याचे पंचांगातील स्थान महत्त्वाचे आहे. मुलाने आदल्या दिवशी खऱ्या बैलाला धुतलेले, रंगविलेले, जेवू घातलेले आणि कामापासून मोकळे ठेवलेले पाहिले असते. त्याच्याही आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झालेली असते. जुवाने घासलेल्या खांद्याला तेल किंवा तूप व हळद लावून तो शेकणे, ह्या कृतीत भूतदयेची सारी शिकवण साठविलेली आहे, कारण ती माणसाने दिलेल्या दुःखाची नेमकी जागा दाखविते. बैल तेथे ओरडत नाही. खांदा पाहावा लागतो.

परंतु नेमकी हीच कृती मुलांच्या पोळ्यात उतरलेली नाही. झूल, बाशिंग, घुंगरमाळा हे सर्व लाकडी बैलाला मिळाले. खांदा मात्र कोणी शेकीत नाही. स्पर्धा व बक्षिसे आली तेव्हापासून सजावटीचे व बैलाच्या उंचीचे माहात्म्य वाढले, आणि ज्या घरात ट्रॅक्टर आहे किंवा शेतच नाही तेथे लाकडी बैल ज्याचा प्रतिध्वनी होता तो मूळ ध्वनीच उरला नाही. उत्सवाचे गुणगान करणाऱ्या लेखनात ह्या उणिवेचा उल्लेख सहसा नसतो.

मारिया माँटेसरी ह्यांनी प्राण्यांना आपल्या साधनांच्या पेटीत स्थान दिले नाही, बागेत दिले. आपण पाणी व दाणा न दिल्यास हा जीव जगणार नाही हे उमगल्यावर बालक दूरदृष्टीने वागू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य केले तरी प्रत्येक बालवाडीला बाग मिळत नाही, आणि बाग नसलेल्या ठिकाणी खेळण्यालाच काही भार उचलावा लागतो. तसे खेळणे आखावयाचे तर लाकडी बैलापासूनच आरंभ करता येईल. त्याचे सर्वांग लाखेने रंगवावे, खांदा तेवढा कोरा ठेवावा, आणि जू काढता-घालता येईल असे करावे. खेळता खेळता जू घासेल, कोरे लाकूड रखरखीत होईल, बोट फिरविले म्हणजे ते समजेल, आणि तेल चोळल्यावर पुन्हा काही दिवस गुळगुळीत राहील. बैल मात्र एक शब्दही बोलणार नाही. घासल्याची खूण दाखविणारे खेळणे दुकानात कोण विकत घेईल, ही सुतार-कारागिराची शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन बालवाड्यांनी स्वतः असे बैल करवून घेऊन वापरल्याखेरीज होणार नाही.