उत्सवातला चेहरा कोणाचा?

श्रावणात वास्कोत श्रीदामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने हवालदिल झालेल्या लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि तेथून आणलेले श्रीफळ इथे ठेवून अखंड भजन सुरू केले, असे सांगतात. नाव सप्ताहाचे असले तरी भजन चोवीस तासांचे. दुसऱ्या दिवशी गेल्या वर्षीच्या श्रीफळाचे समुद्रात विसर्जन होते; फेरी मात्र पुढेही कितीतरी दिवस भरलेली असते. रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार वाजतगाजत देवळाकडे येतात. आमच्या मुरगाव तालुक्यात या दिवसांत घरी पाहुणा नाही असे घर विरळा.

पूर्वी पार समोर आला की लोकांचे हात जुळत. आता हात वर होतात ते बहुधा फोन धरण्यासाठी. यावर नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही, कारण त्या हातांत एक हात माझाही असतो. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. उत्सवातील माणसांचे छायाचित्र चांगले की वाईट, हे ठरवायचे कशावरून? कविता, नाटक, चित्र यांच्या समीक्षेसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घडलेली भाषा आहे. छायाचित्र समोर आले की आपण ‘काय क्षण टिपलाय!’ म्हणतो आणि पुढे सरकतो.

हा ‘टिपणे’ शब्दच जरा तपासून पाहावा. पाखरू दाणा टिपते, नेमबाज सावज टिपतो आणि टीपकागद शाई टिपतो. पहिल्यात भूक आहे, दुसऱ्यात शिकार आहे. तिसऱ्यात मात्र जे समोर आहे ते आपल्यात मुरवून घेणे आहे, आणि त्यात टीपकागदावरही डाग पडतो. उत्सवाचे छायाचित्र यांपैकी कोणत्या अर्थाने ‘टिपलेले’ आहे, हा माझ्या मते समीक्षेचा पहिला प्रश्न असावा. तो मला उशिरा सुचला, आणि सुचला तोही माझ्या हातून एक चूक घडल्यावर.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत ‘गोव्याचे उत्सव’ या विषयावर छायाचित्रस्पर्धा भरवली होती. परीक्षक मीच. चित्रे भरपूर आली. माशेलचा चिखलकाला, डिचोलीकडची घोडेमोडणी, दिवाडीचे बोंदेरा, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर. पहिला क्रमांक मी दिला तो पेडण्याच्या कोजागिरीतील एका चित्राला. श्रीभगवतीच्या त्या उत्सवात रवळनाथ आणि भूतनाथ यांची रंगीत वस्त्रांनी नटलेली उंच तरंगे निघतात आणि बाधा झालेल्यांना त्यांच्यापुढे आणण्याची रीत आहे. चित्रात वारे आलेली एक बाई होती. केस सुटलेले, मान मागे पडलेली, डोळे पांढरे. मागे तरंगांचा लाल-पिवळा रंग पसरलेला. मी शेऱ्यात ‘भावोत्कटता’ आणि ‘रचनेचा तोल’ असे शब्द वापरले. आज ते शब्द आठवले की मान खाली जाते. चित्राखाली शीर्षक होते ‘भक्ती’. प्रदर्शन आठवडाभर व्हरांड्यात होते.

चौथ्या दिवशी वर्गशिक्षिकेने सांगितले की नववीतली एक मुलगी त्या व्हरांड्याने येत नाही, मागच्या बाजूने वळसा घालून वर्गात जाते. चित्रातली बाई तिची आई होती. मुले तिला मान मागे टाकून दाखवत होती.

चित्र मी त्याच दिवशी उतरवले आणि संध्याकाळी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या बाई मूळच्या पेडण्याच्या. त्यांनी चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “ही हांव न्हय, सर.” मी क्षमा मागू लागलो तर त्यांनी मला थांबवले. रागाने नव्हे, एखादी गोष्ट नीट समजावून सांगावी तसे त्या सांगू लागल्या: त्या वेळी मी नसतेच, मग फोटो माझा कसा? पुढे त्यांनी विचारले, “आनी ताका नांव कितें दिलां?” ‘भक्ती’ हे नाव त्यांना सांगायचे धैर्य मला झाले नाही.

‘ही मी नव्हे’ या वाक्याने माझी सारी परीक्षकी उलटीपालटी केली. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ज्या क्षणी त्या स्वतःच्या नसतात, नेमक्या त्याच क्षणी कॅमेऱ्याने त्यांना कायमचे ‘ही बाई’ करून ठेवले होते. ती श्रद्धा मला पटते की नाही हा मुद्दा गौण आहे. त्या अवस्थेतील माणूस ‘हो’ म्हणू शकत नाही आणि ‘नको’ही म्हणू शकत नाही, एवढे तर नास्तिकालाही मान्य व्हावे.

पणजीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सौझा अँड पॉल हा स्टुडिओ नावाजलेला होता. त्या काळच्या यंत्रापुढे माणसाला स्थिर राहावे लागे. त्यामुळे चेहऱ्यावर ताठरपणा येई, पण आपला फोटो निघतो आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असे. यंत्र हलके झाले, वेगवान झाले, आणि ठाऊक असण्याची ती गरज संपली. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२च्या पुस्तकाने ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर नेली. तेव्हापासून माणूस बेसावध असतानाच त्याचे खरे रूप दिसते, हे जणू गृहीतच धरले गेले. मला ते अर्धेच पटते. बेसावध माणूस खरा असतो, तसा सावध माणूसही खराच असतो. सणाला नवे लुगडे नेसून, केसांत अबोली माळून, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी बाई काही खोटी नव्हे. तिला आपण कशी दिसावी असे वाटते, तेही तिचे सत्यच आहे.

मराठीत या दृष्टीने ताडून पाहण्याजोगी पुस्तके आहेत. उद्धव ठाकरे यांचे ‘पहावा विठ्ठल’ २०११ साली आले. त्यातील आकाशातून घेतलेली वारीची चित्रे लक्षात राहतात. माणसांचा प्रवाह नदीसारखा दिसतो, डोळ्यांचे पारणे फिटते. तिथे कोणाचा चेहरा नाही, त्यामुळे कोणाचा अवमानही नाही. पण भेटही नाही. उलट संदेश भंडारे यांचे ‘वारी : एक आनंदयात्रा’ जमिनीवरून, माणसाच्या उंचीवरून पाहते. त्यांच्याच २००६च्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात फडाचे जगणे बोर्डावर आणि बोर्डामागेही दिसते. तमाशातल्या बाईचे भडक चित्र काढणे सर्वांत सोपे, आणि तेच सर्वांत खोटे. राहुटीत बसलेल्या, आपल्या कामात असलेल्या बाईचे चित्र त्याच दिवशी येऊन त्याच दिवशी परतणाऱ्याला मिळत नाही; त्यासाठी मुक्काम करावा लागतो. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाचे मोलही यातच आहे. त्या वारीबरोबर चालल्या, आणि चालल्या म्हणूनच दिंड्यांमधला जातींचा दुरावा त्यांना दिसला व सलला. हाच टीपकागदावरचा डाग.

यात कायद्याचा आधार फारसा मिळत नाही. पोर्तुगालच्या १९६६च्या नागरी संहितेत स्वतःच्या प्रतिमेवरील हक्काचे स्वतंत्र कलम आहे. सार्वजनिक जागेतील चित्रांना ते सवलत देते, मात्र व्यक्तीच्या अब्रूला धक्का लागत असेल तर तीही नाही. गोवा त्याआधीच, १९६१ साली मुक्त झाला आणि आपल्याकडे राहिली ती १८६७ची जुनी संहिता. कॅनडात माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे चित्र तिला न विचारता एका कलाविषयक नियतकालिकाने छापले. चित्रात वावगे काहीच नव्हते, पण बरोबरीची मुले तिला हसली. १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला मिळालेली दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. हा निकाल वाचला तेव्हा मला आमचा व्हरांडा आठवला.

आपल्याकडे गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३मध्ये पर्यटकांना सूचना केली, की इतर पर्यटकांची, विशेषतः ऊन खात पडलेल्यांची आणि समुद्रात पोहणाऱ्यांची, छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. सूचना योग्यच आहे. पण किनाऱ्यावर पहुडलेल्या पाहुण्याला जो मान मिळतो, तोच शिरगावच्या होमकुंडापाशी मोगऱ्याचे हार आणि हाती वेताची काठी घेऊन उभ्या असलेल्या धोंडाला का नको? त्याच्या पुढ्यात जाऊन फ्लॅश मारणाऱ्याला कोणी हटकत नाही. उलट त्या चित्राला बक्षीस मिळते. देणारे माझ्यासारखेच असतात.

म्हणून प्रत्येकाला विचारल्याशिवाय चित्रच काढू नये, असा नियम करता येईल का? येणार नाही. ३ मे २०२५च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. कोणत्या वाटेवर किती गर्दी होती, उतार कसा होता, हे दाखवणारे चित्र म्हणजे साक्ष होय. ते संमतीसाठी थांबू शकत नाही. गांधीजींच्या अंत्ययात्रेतील शोकाकुल गर्दी कार्तिए-ब्रेसाँ यांनी कोणाला विचारून टिपली नाही, आणि ती टिपली नसती तर आपलेच नुकसान होते. पण साक्ष आणि शिकार यांत अंतर आहे. गर्दी आणि वाट दाखवणारे चित्र ही साक्ष. त्याच पहाटेचे, चेहरा स्पष्ट दिसणारे मृतदेहाचे चित्र फोनवरून फोनवर धाडणे ही शिकार.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. हे चित्र घेऊन मला त्या माणसाच्या घरी जाता येईल काय? दार ठोठावून, ‘हे तुमचे’ असे म्हणून ते हातात देता येईल काय? दयानिता सिंग यांनी २००० साली ‘डिमेलो वाडो’ हे आपले प्रदर्शन बार्देशातील साळगावच्या इन्स्टिट्यूटमध्ये मांडले होते. गोव्यातल्या गावात गोव्याची माणसे येऊन पाहतील अशा जागी चित्र लावणे, यात छायाचित्रकाराचीही परीक्षा असते. दूरच्या दालनात टाळी मिळवणारी कित्येक चित्रे या परीक्षेत नापास होतील. माझे पहिल्या क्रमांकाचे चित्र झालेच.

त्या संध्याकाळी मी निघालो तेव्हा बाईंनी चित्र परत दिले नाही, फाडलेही नाही. कपाटातल्या कपड्यांखाली पालथे ठेवले. पुढच्या श्रावणात सप्ताहाच्या फेरीत त्या मुलीसह भेटल्या. मुलगी म्हणाली, “सर, आमचा एक काढा.” मायलेकी नीट उभ्या राहिल्या, आईने पदर सारखा केला. मागे लोकांची ये-जा चालली होती, कोणाचा तरी खांदा मध्ये आला, प्रकाशही धड नव्हता. स्पर्धेत त्या चित्राला मी स्वतःही बक्षीस दिले नसते. त्याची एक प्रत त्यांच्या घरी भिंतीवर लावलेली आहे.