तीन क्षणांचा एक चेहरा

१९८६ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातून, टिम जेनिसन यांच्या न्यूटेक कंपनीने अमिगा कॉम्प्युटरसाठी ‘डिजि-व्ह्यू’ नावाचा डिजिटायझर आणला. व्हिडिओ कॅमेऱ्यासमोरचं दृश्य रंगीत स्थिरचित्र म्हणून पडद्यावर उतरवणारी ही एवढीशी डबी. तिच्यातून निघालेली माणसांची चित्रं मला फार मोलाची वाटतात, कारण त्यांच्या रंगांत वेळ मुरलेला असतो.

कॅमेरा बहुधा कृष्णधवल असे. त्याच्या भिंगापुढे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची चकती हाताने फिरवायची आणि प्रत्येक रंगाची वेगळी प्रत घ्यायची. एकेका प्रतीला काही सेकंद लागत. मग सॉफ्टवेअर तिन्ही प्रती एकमेकींवर बसवी आणि रंग उमटे. ओठांचा लाल आणि सदऱ्याचा निळा एकाच चित्रात असले तरी एकाच वेळचे नसत. फळांची परडी सहज जमून जाई. माणसाला मात्र अंग आवरून बसावं लागे, आणि ते आवरणं चेहऱ्यावर दिसतं: मान ताठ, नजर एका जागी रोवलेली, हसू अर्ध्यावर थांबलेलं.

असं चित्र समोर आलं की मी आधी कानाची आणि केसांची कड पाहतो. तिथे एका बाजूला तांबडी झाक आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी दिसली, तर समजावं की लाल आणि पुढच्या प्रतींच्या मधे डोकं किंचित हललं. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात प्रोकुदिन-गोर्स्की यांनी अशाच तीन फिल्टरांनी काढलेल्या फोटोंत वाहत्या पाण्यावर असेच रंग सुटे झालेले आहेत.

पण कडेवरची प्रत्येक रंगीत झालर हालचालीची नसते. अमिगाच्या ‘हॅम’ पद्धतीत ४०९६ रंग एकाच वेळी पडद्यावर येत, त्याला एक अट होती. प्रत्येक पिक्सेलने १६ ठरावीक रंगांपैकी एक घ्यावा, नाहीतर डावीकडच्या शेजाऱ्याचा रंग घेऊन त्यातला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच घटक बदलावा. गालावरच्या हळुवार छटांना ही अट मानवते. काळ्या केसांतून एकदम उजळ भिंतीवर जाताना मात्र एक-दोन पिक्सेल वाटेतच अडकतात, आणि कडेच्या उजवीकडे भलताच रंग सांडतो.

पहिली झालर माणसाची, दुसरी यंत्राची. हा फरक ओळखू येऊ लागला की चित्राचा गोडवा वाढतो. ३२० गुणिले २०० पिक्सेलांच्या त्या चौकटीत यंत्र आपल्या मोजक्या स्मृतीशी झगडतं आहे, आणि समोरचा माणूस स्वतःच्या श्वासाशी. चित्र दोघांनी मिळून काढलेलं आहे.