पुसलेला झेंडा, उरलेला चेहरा : ह्यून जिन-गॉन यांचा वास्तववाद

९ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत सोन गी-जोंग या कोरियन तरुणाने जिंकली. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. त्यामुळे त्याची नोंद जपानी नावाने झाली आणि त्याच्या छातीवर जपानच्या झेंड्यावरचा सूर्य होता. २५ ऑगस्टला सोलच्या 'दोंगा इल्बो' या दैनिकात त्याचे छायाचित्र छापून आले, तेव्हा तो सूर्य पुसलेला होता. दैनिक बेमुदत बंद करण्यात आले. अटक झालेल्यांत समाजवृत्त विभागाचे प्रमुख ह्यून जिन-गॉन होते. पुसणारा हात त्यांचा नव्हता, पण त्यांची नोकरी गेली.

ह्यून हे कोरियन वास्तववादी कथेच्या पायाभरणीतले लेखक. त्यांच्याविषयी लिहिताना झेंड्याचा हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात एक अडचण दिसते. झेंडा छातीवर खरोखरच होता. मग जे आहे ते दाखवण्याचे व्रत घेतलेल्या लेखकाच्या विभागाने छायाचित्रातले खरे पुसले, याचे काय करायचे?

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. उमेदीची वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात गेली, आणि ह्यून यांच्या कथा मी इंग्रजी अनुवादांतून वाचल्या. पण छापखान्याने एक गोष्ट शिकवली. जुळाऱ्याने ओळीतला शब्द काढला की ओळ सैल पडते, आणि सरावलेल्या डोळ्याला तिथे काहीतरी होते हे कळते. त्याच डोळ्याने मी या कथांकडे गेलो.

ह्यून यांचा जन्म १९०० साली देगू येथे झाला. शिक्षणासाठी ते टोकियो आणि शांघायला राहिले. १९२० पासून त्यांच्या कथा प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढच्याच वर्षीच्या एका कथेत एक शिकलेला तरुण रात्री झिंगून घरी येतो. मला दारू पाजतो तो हा समाज, असे तो बायकोला सांगतो. 'समाज' हा नवा शब्द त्या बाईला ठाऊकच नाही. ते एखाद्या खाणावळीचे नाव असावे, असे तिला वाटते. वाचकाला आधी हसू येते. मग लक्षात येते, की नवऱ्याची सगळी वेदना ज्या शब्दात आहे तो शब्दच या घरात पोहोचलेला नाही. त्या तरुणाची बाजू घेऊन लेखक भाषण करत नाही.

१९२४ च्या 'नशिबाचा दिवस' या कथेत हा संयम आणखी कसाला लागतो. किम छॉमजी सोलमध्ये हातरिक्षा ओढतो. माथेरानला आपण पाहिली तशीच ती माणसाने ओढायची गाडी. जवळजवळ दहा दिवस कमाई नाही, बायको महिन्याहून अधिक काळ खोकते आहे, तीन दिवसांपूर्वी तिने सॉल्लॉन्गतांग, म्हणजे बैलाच्या हाडांचा रस्सा, मागितला होता. आज पाऊस पडतो आहे आणि भाडी मात्र एकामागून एक मिळत आहेत. आधी तीस जॉन, मग पन्नास, मग स्टेशनापर्यंत दीड वॉन. पैसे वाढतात तशी त्याची धास्तीही वाढते. घर जवळ आले की पाय जड होतात. तो मित्राबरोबर गुत्त्यात बसतो, शेवटी रस्सा घेऊन घरी जातो. बायको मेलेली आहे आणि मूल कोरड्या स्तनाला तोंड लावून आहे.

किम सालस नाही. आजारी बायकोच्या तो थोबाडीत मारतो, शिव्या देतो. आणि राज्यकर्त्यांविषयी तो एक शब्दही बोलत नाही. हे सेन्सॉरचे भय म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. ते नाव किमच्या तोंडी आले असते, तर बोलणारा माणूस किम उरला नसता, लेखक झाला असता.

माझ्या म्हणण्याला आधार १९२६ च्या 'गाव' या कथेचा. देगूहून सोलला जाणाऱ्या गाडीत निवेदकासमोर एक माणूस बसला आहे. अंगावर वरून जपानी किमोनो, आत कोरियन सदरा, खाली चिनी विजार. शेजारच्या जपानी आणि चिनी प्रवाशांशी तो त्यांच्या भाषेत बोलू पाहतो, ते दाद देत नाहीत. हळूहळू त्याची हकिकत कळते. गावची जमीन ओरिएंटल डेव्हलपमेंट कंपनीकडे गेली, कुटुंब मांचुरियात गेले, आईबाप तिथेच वारले, तो जपानच्या खाणींत राबला. परत आला तर गाव ओसाड. ज्या मुलीशी त्याचे लग्न ठरण्यासारखे होते, तिला बापाने वीस वॉनला विकले होते. इथे कंपनीचे नाव स्पष्ट आहे, कारण ज्याची जमीन गेली त्याला ते नाव पक्के ठाऊक असते. निवेदकाला त्याच्या चेहऱ्यात कोरियाचा चेहरा दिसतो, आणि त्याच वर्षीच्या संग्रहाला ह्यून यांनी नाव दिले 'कोरियाचा चेहरा'.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या डब्यात मिळाले. सोनच्या छातीवरचा झेंडा आणि या प्रवाशाचा किमोनो, दोन्ही परिस्थितीने चढवलेली वस्त्रे. छायाचित्रात वस्त्र कसे चढले हे सांगायला जागा नसते, म्हणून ते पुसावे लागले. कथेत ती जागा होती. म्हणून ह्यून यांनी किमोनोचा एक धागाही लपवला नाही, आणि तरीही चेहरा झाकला गेला नाही. झेंड्याच्या प्रसंगाला मी कमी लेखत नाही. त्याची किंमत माणसांनी मोजली. पण लेखक म्हणून ह्यून यांचे धाडस मला दहा वर्षे आधीच्या त्या डब्यात अधिक दिसते.

पुढची वर्षे ओढगस्तीची होती. त्यांचे थोरले बंधू स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगवासानंतर १९३२ मध्येच वारले होते. सोलच्या वेशीबाहेर बुआमदोंगला ह्यून कोंबड्या पाळू लागले. वर्तमानकाळ सोडून इतिहासाकडे वळले. १९३८-३९ मध्ये बुल्गुकसा मठातला मनोरा घडवणाऱ्या पाथरवटावर कादंबरी लिहिली. त्यानंतरची, पडलेल्या राज्यासाठी पुन्हा उभ्या राहिलेल्या सेनापतीवरची कादंबरी 'दोंगा इल्बो'तच सुरू झाली आणि मध्येच थांबवावी लागली. २५ एप्रिल १९४३ रोजी क्षयाने ते गेले. कोरिया मोकळा व्हायला अजून दोन वर्षे होती.

ते पुसलेले छायाचित्र आज सहज पाहायला मिळते. वाचकांना माझी विनंती एवढीच, की ते पाहण्याआधी 'गाव' वाचावी.